अवतरणातील उंची-मार्गदर्शन : यवतमाळच्या संदर्भात ऐतिहासिक आढावा

आयएलएस यंत्रणा प्रत्येक धावपट्टीसाठी स्वतंत्र उभारावी लागत असल्याने लहान विमानतळ तिला बहुधा मुकले. पुढे विमानातील उड्डाण-व्यवस्थापन संगणक हवेच्या दाबावरून सुमारे ३ अंशांचा उतारमार्ग स्वतः आखू लागला. मात्र दाबावरून काढलेली उंची तापमानाने बदलते. कडाक्याच्या थंडीत विमान दर्शविलेल्या उंचीच्या खाली असते, तर विदर्भाच्या उन्हाळ्यात वर. साहजिकच उतार अधिक तीव्र होतो. २०१५ मध्ये याच कार्यासाठी प्रमाणित झालेल्या 'गगन' उपग्रहप्रणालीत हा दोष उरला नाही. २७ एप्रिल २०२२ रोजी इंडिगोचे एटीआर विमान तिच्या आधारे राजस्थानातील किशनगढ येथे उतरले. 'गगन'चे संकेत यवतमाळवरही पोहोचतात. परंतु धावपट्टीचे सर्वेक्षण, मंजूर अवतरणपद्धती आणि सुयोग्य ग्राहकयंत्र असलेले विमान यांवाचून ते संकेत निरुपयोगीच होत.