छायाचित्रसमीक्षा, हौशी (डिजिटल)

हौशी छायाचित्रकारांनी एकमेकांच्या छायाचित्रांतील गुणदोष दाखवण्याची व त्यांवर वाद घालण्याची प्रथा. ती फिल्मच्या काळातील क्लबांतून आली. उदाहरणार्थ, मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया 1937 पासूनची. डिजिटल फाइलीत शटरवेग, अ‍ॅपर्चर, आयएसओ यांची नोंद आपोआप होते, त्यामुळे चित्र का हलले याचा अंदाज आधारासह बांधता येतो. हिस्टोग्राम (उजळपणाचा आलेख) उजव्या कडेला चिकटला, तर उजळ भागातला तपशील बहुधा गेलेला असतो. चांगला समीक्षक आकड्यांपाशी थांबत नाही. चौकटीत नजर कुठे अडते, तेही तो सांगतो. नुसते ‘छान’ नवशिक्याच्या काहीच कामाचे नसते.

सर्वांत तापलेला वाद खरेपणाचा. रॉ फाइलीवर (कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदीवर) संस्करण करावेच लागते. प्रश्न मर्यादेचा असतो. स्पेनच्या होसे लुईस रॉड्रिगेझ यांचे फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याचे छायाचित्र 2009 च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत सर्वोत्तम ठरले. लांडगा माणसाळवलेला असण्याची दाट शक्यता दिसल्याने 2010 च्या जानेवारीत ते बाद झाले. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. आक्षेप पिक्सेलांवर नव्हता, प्रसंगावर होता. म्हणूनच हे उदाहरण संस्करणाच्या वादापेक्षा मोलाचे आहे.