ड्रोन फवारणी : विमानाशी टक्कर टाळण्यासाठी काय करावे?

पुणे परिसरात आकाश मोकळे नसते. लोहगावच्या एकाच धावपट्टीवरून हवाई दलाची लढाऊ विमाने आणि प्रवासी विमाने उडतात. हडपसरला ग्लायडिंग केंद्र, तर बारामतीला वैमानिक प्रशिक्षण आहे. जुलै 2022 मध्ये इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे प्रशिक्षण विमान शेतात कोसळले होते. त्या अपघाताशी ड्रोनचा संबंध नव्हता. पण अडचणीतले विमान पिकाच्या उंचीपर्यंत खाली येऊ शकते, हे त्यातून दिसते.

ड्रोनच्या रडारला विमान दिसते का?

फवारणी ड्रोनवरील रडार झाड, खांब, तारा असे जवळचे अडथळे ओळखण्यासाठी असते. ताशी 200 किलोमीटर वेगाचे विमान सेकंदाला सुमारे 55 मीटर कापते. रडारला ते 50 मीटरवर दिसले, तरी हाती एक सेकंदही उरत नाही.

मोठी प्रवासी विमाने ट्रान्सपॉन्डरच्या संदेशांवरून एकमेकांना ओळखतात व टक्कर टाळतात. काही ड्रोन विमानांचे एडीएस-बी संदेश पकडून चालकाला इशारा देतात. मात्र प्रत्येक विमान असे संदेश पाठवतेच असे नाही. म्हणून इशारा आला नाही, म्हणजे आकाश रिकामे आहे असे समजू नका.

नियम काय सांगतात?

ड्रोन नियम 2021 नुसार मानवी वैमानिक असलेल्या विमानाला नेहमी प्राधान्य असते.

- हिरवे क्षेत्र : 400 फुटांपर्यंत (120 मीटर) उड्डाणाला परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फूट (60 मीटर) आहे.
- पिवळे क्षेत्र : हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लोहगावला हे नियंत्रण हवाई दलाकडे आहे.
- लाल क्षेत्र : केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण नाही.

फवारणीपूर्वी व फवारणी करताना

1. डिजिटल स्कायच्या नकाशावर आपल्या गटाचे क्षेत्र त्याच दिवशी तपासा. क्षेत्रे बदलू शकतात.
2. फवारणी पिकाच्या वर साधारण 2 ते 3 मीटरवरूनच करा.
3. 'रिटर्न टू होम'ची उंची तपासा. टाकी रिकामी झाल्यावर किंवा संपर्क तुटल्यावर ड्रोन आपोआप त्या उंचीवर चढतो. ती शेतातील झाडे व तारांपेक्षा जास्त, पण विनाकारण मोठी नसावी.
4. चालकाची नजर ड्रोनवर असते. आकाशाकडे लक्ष ठेवायला दुसरा माणूस उभा करा.
5. विमान किंवा हेलिकॉप्टरचा आवाज येताच ड्रोन खाली घ्या. सेकंदाला 3 मीटर वेगाने 60 मीटरवरून उतरायला 20 सेकंद लागतात, 6 मीटरवरून फक्त 2. ग्लायडरला इंजिनाचा आवाज नसतो, त्यामुळे नजरही हवी.
6. गावात सभेसाठी किंवा पाहुण्यांसाठी हेलिपॅड तयार होत असेल, तर त्या दिवशी फवारणी पुढे ढकला.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

प्रात्यक्षिकापूर्वी चालकाचे रिमोट पायलट प्रमाणपत्र, ड्रोनची नोंदणी आणि शेताचे क्षेत्र या तीन गोष्टी पाहा. शेत पिवळ्या क्षेत्रात असेल आणि परवानगी आलेली नसेल, तर त्या दिवशी पाठीवरच्या पंपाने किंवा ट्रॅक्टरच्या फवारणी यंत्राने फवारणी करण्याचा सल्ला द्या.