शंभर रुपयांचे घर

साठी उलटलेला माणूस घरासाठी जागा शोधू लागला की आधी विचारतो : रस्ता कसा आहे, दवाखाना किती लांब आहे, टपाल वेळेवर येते का? १९३६ साली वर्ध्यापासून पाचेक मैलांवरच्या सेगावात या तिन्ही प्रश्नांची उत्तरे निराशाजनक होती. धड रस्ता नाही, दवाखाना नाही, टपाल कचेरी नाही. पावसाळ्यात पाय रुतवणारी काळी माती, उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांकडे सरकणारा पारा, साप-विंचू आणि ठाण मांडून बसलेला हिवताप. सहासष्ट वर्षांच्या गांधीजींनी नेमकी हीच जागा पसंत केली, आणि तीही रक्तदाबाने काही आठवडे सक्तीची विश्रांती घ्यायला लावल्यानंतर.

साबरमतीला परतण्याची वाट त्यांनी स्वतःच बंद केली होती. १९३० मध्ये दांडीला निघताना स्वराज्य मिळाल्याशिवाय आश्रमात राहायला येणार नाही, असे ते सांगून बसले होते. जमनालाल बजाजांनी वर्ध्याला आपली बाग आणि बंगला ग्रामोद्योगाच्या कामासाठी दिला. त्याचे मगनवाडी झाले आणि गांधीजी तिथे राहू लागले. पण शहराच्या कडेला बसून खेड्यांविषयी बोलणे त्यांना खुपू लागले. आपणच एखाद्या गावात जाऊन राहतो, अशी भाषा सुरू झाली. ते टळावे म्हणून त्यांच्या शिष्या मीराबेन आधी सिंदी गावात राहिल्या, मग सेगावात गेल्या. टळले मात्र नाही.

सेगावची बरीचशी मालगुजारी जमनालालांकडे होती, त्यामुळे जमिनीचा प्रश्न नव्हता. मार्च १९३६ मध्ये गांधीजींनी त्यांना जे पत्र लिहिले, ते एखाद्या काटेकोर घरमालकाने गवंड्याला द्यावे तसे आहे. मीराबेनच्या झोपडीशेजारी एक झोपडी हवी. खर्च शंभर रुपयांवर जाता कामा नये. बा यायची असेल तर येईल, नाहीतर मी एकटा राहीन. महादेवभाई वगैरे मंडळींनी मगनवाडीतच थांबावे. लागेल ती मदत गावातून मिळवू. थोडक्यात, हा आराखडा एका माणसाच्या घराचा होता.

३० एप्रिलला ते चालत सेगावला पोचले तेव्हा घर अर्धेमुर्धेच होते. मे महिना त्यांनी म्हैसूरकडच्या नंदी टेकडीवर विश्रांतीत काढला आणि जूनमध्ये भर पावसात पुन्हा वर्ध्याहून पायी गाव गाठले. तोवर मीराबेनने घर उभे केले होते : मातीच्या जाड भिंती, वर कवेलूंचे छप्पर, भोवती खाली उतरत आलेली ओसरी. वऱ्हाडात किंवा वर्ध्याकडे ज्याने मे महिना काढला आहे, त्याला ही रचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ऊन भिंतीला लागूच द्यायचे नाही, ही त्यातली मेख. ब्रिटिश नौदलातल्या अधिकाऱ्याच्या या मुलीने ती गावातल्या मजुरांबरोबर उन्हात उभे राहून आत्मसात केली. सेवाग्रामच्या साधेपणाचे श्रेय सगळे गांधीजींच्या नावावर जमा होते. त्यातला मोठा वाटा खरे तर मीराबेनचा आहे.

या घराला आज आदिनिवास म्हणतात. एकट्यासाठी बांधलेले घर पहिल्याच पावसाळ्यात धर्मशाळेसारखे भरून गेले. कस्तुरबा तर आल्याच. सचिव प्यारेलाल आले, तुकडोजी महाराज महिनाभर राहून गेले, तुरुंगातून सुटलेले खान अब्दुल गफार खान आले. एकाच दालनाच्या एका कोपऱ्यात गांधीजींची बैठक, दुसऱ्यात बांचा संसार आणि उरलेल्या जागेत पाहुणे. सप्टेंबरात खुद्द गांधीजींनाच हिवतापाने गाठले आणि त्यांना वर्ध्याच्या सरकारी रुग्णालयात न्यावे लागले. जागा निवडताना दवाखान्याचा विचार न केल्याची ही पावती म्हणायची.

एवढ्या गर्दीत आडोसा असा कुठेच नव्हता. म्हातारपणीच्या घरात बाईला दार लावून घेता येईल अशी एक खोली लागते, हे नवऱ्याच्या आराखड्यातून साफ सुटले होते. ते जमनालालांच्या ध्यानात आले आणि त्यांनी बांसाठी वेगळी कुटी बांधवली.

स्वतः गांधीजींनाही शांतता मिळेना. शेवटी मीराबेनने स्वतःसाठी, पिंजण आणि कताईच्या कामासाठी बांधलेली झोपडी त्यांना दिली. बापूकुटी म्हणून लोक दर्शन घेतात ती हीच. बांबूच्या कुडावर मातीचे लिंपण, शेणाने सारवलेली जमीन, बसायला चटई. भिंतीवर मीराबेनने मातीतच उठवलेली शिंदीची झाडे अजून आहेत. पुढे तिच्यातही भर पडत गेली : आजाऱ्याची खोली, मालिशीची जागा, प्रशस्त न्हाणीघर. साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि पिंजराही तिथे पाहायला मिळतो. पकडलेला साप लांब नेऊन सोडायचा, मारायचा नाही, हा घराचा नियम होता. १९७८ मध्ये विचारवंत इव्हान इलिच या कुटीत बसून गेले आणि तिच्यावर बोलले. वास्तुकलेचे विद्यार्थीही इथे वह्या घेऊन येतात.

घर वाढतच राहिले. कुष्ठरोगाने पछाडलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री आले. त्यांच्यासाठी जवळच झोपडी उभारली आणि त्यांच्या जखमा गांधीजी स्वतः धूत. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी थेट बोलणे व्हावे म्हणून दूरध्वनी बसवला. ज्या गावात टपाल कचेरी नव्हती, तिथे पत्रांचा ढीग येऊ लागला आणि त्यातली बरीच पत्रे गजानन महाराजांच्या शेगावला जाऊन पडत. या घोळावर उपाय म्हणून १९४० मध्ये गावाचे नावच सेवाग्राम केले.

या घरातला सलग मुक्काम मात्र फारसा घडला नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजी मुंबईला गेले आणि तिथून थेट आगाखान पॅलेसच्या कैदेत. त्या आधी फेब्रुवारीत जमनालाल वारले होते. कैदेत असतानाच २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. सुटकेनंतर परतलेले गांधीजी शेवटी शेवटी राहिले ते जमनालालांनी स्वतःसाठी बांधलेल्या घरात. त्याला आता आखरी निवास म्हणतात. तिथून ऑगस्ट १९४६ मध्ये ते दिल्लीला निघाले, पुढे नोआखालीला गेले. फेब्रुवारी १९४८ मध्ये सेवाग्रामला यायचा बेत ठरला होता.

दवाखान्याची उणीव पुढे भरून निघाली. गांधीजींच्या हयातीतच तिथे कस्तुरबांच्या नावाने रुग्णालय सुरू झाले आणि १९६९ मध्ये सुशीला नायर यांनी त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय काढले. रस्ता केव्हाच झाला. वर्धा पूर्व या रेल्वे स्थानकाचे नावही आता सेवाग्राम आहे.