दहा फूट वर आलेले शिंपले

महासागरी भूपट्ट खंडीय भूपट्टाखाली शिरतो, तेथे समुद्रात खोल गर्ता आणि जमिनीवर ज्वालामुखींची पर्वतरांग तयार होते. ही आकृती आपण फळ्यावर नेहमी काढतो. पण भूपट्टांची कल्पना पुढे येण्याच्या सव्वाशे वर्षे आधीच तिचा एक पुरावा नोंदला गेला होता, आणि तो होता कुजक्या शिंपल्यांचा!

२० फेब्रुवारी १८३५. ‘बीगल’ जहाजाबरोबर आलेला तरुण चार्ल्स डार्विन चिलीतील वाल्दिव्हियाजवळच्या रानात विसावला होता. अचानक जमीन हलू लागली आणि सुमारे दोन मिनिटे हलत राहिली. मार्चच्या सुरुवातीला जहाज उत्तरेकडे कन्सेप्सियोनला पोचले, तेव्हा शहराचा ढिगारा झाला होता. जवळचे ताल्काउआनो बंदर त्सुनामीने धुऊन नेले होते.

जहाजाचा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय सांता मारिया बेटावर गेला. तेथे खडकांना चिकटलेले शिंपले भरतीच्या रेषेच्या दहा फूट वर मरून पडले होते. त्याने मोजमापे घेतली. बेट दक्षिणेस आठ फूट, मध्यभागी नऊ, तर उत्तरेस दहा फूट उचलले गेले होते. पुढे डार्विनने अँडीज पर्वतात खूप उंचावर सागरी शिंपल्यांचे जीवाश्म पाहिले. अशा लहान लहान उचली साठत जाऊन पर्वत वर येतो, असे अनुमान त्याने काढले. कारण मात्र त्याने जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात शोधले.

खरे कारण १९६० च्या दशकात उलगडले. नाझका भूपट्ट वर्षाला सुमारे सात सेंटिमीटर वेगाने दक्षिण अमेरिकेखाली सरकतो. दोन्ही भूपट्ट जेथे एकमेकांत अडकतात, तेथे वरच्या भूपट्टाची कडा त्याच्याबरोबर खाली ओढली जाते. वर्गात करून पाहा: प्लॅस्टिकची पट्टी टेबलाच्या कडेबाहेर अर्धी काढून घट्ट धरा. बाहेरचे टोक बोटाने हळूहळू दाबा आणि सोडून द्या. ते उसळते. पट्टी उसळते तेव्हा भूकंप होतो. तिच्याबरोबर वरचे पाणीही ढकलले गेले की त्सुनामी येते.

२७ फेब्रुवारी २०१० रोजी त्याच भागात ८.८ महत्तेचा भूकंप झाला. पाचशेहून अधिक माणसे दगावली. धक्का थांबताच, इशाऱ्याची वाट न पाहता उंचावर धावलेले अनेक किनारवासी मात्र वाचले. सांता मारिया बेट पुन्हा सुमारे दोन मीटर वर आले. संशोधकांनी फिट्झरॉयच्या नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा कळले की मधल्या १७५ वर्षांत हे बेट सुमारे दीड मीटर खचले होते. म्हणजे उचलीचा बराचसा भाग परत जातो. उरतो तो थोडासा.

डार्विनला उचल दिसली, कारण ती एका दिवसात घडली. खचणे मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि कोणाच्या नजरेत भरत नाही. वास्तविक पुढचा भूकंप याच शांत काळात साठत असतो. म्हणून फळ्यावरच्या आकृतीत बाण काढताना, तेथे कित्येक वर्षे काहीच घडले नाही याचा अर्थ धोका टळला असा होत नाही, एवढे मुलांना जरूर सांगावे.