ओरिजनल कुणाचं, डुप्लिकेट कुणाचं? ठोकळ्यांच्या आगगाडीची गोष्ट



आमच्या गटाकडे पोरांच्या खेळण्यांची एक पत्र्याची पेटी आहे. जत्रेतून, आठवडी बाजारातून, शहरातल्या नातेवाइकांकडून जमत गेलेली ठोकळ्यांच्या आगगाडीची तीन-चार खोकी त्या पेटीत एकत्र झाली आहेत. एका खोक्यावरचं नाव दुसऱ्यावर नाही. पण एकाचे डबे दुसऱ्याच्या रुळांवरून मजेत धावतात. मागच्या सुट्टीत पाहुणा आलेला एक मुलगा ती गाडी बघून म्हणाला, "ही तर डुप्लिकेट आहे." आमच्या पोरांनी गाडी गुपचूप पेटीत ठेवली आणि चार दिवस बाहेर काढली नाही. ते आम्हाला लागलं. मग आम्ही ठरवलं, ओरिजनल कुठून आलं आणि डुप्लिकेट कशाला म्हणायचं, हे नीट समजून घ्यायचं. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

ओरिजनल म्हटलं की सगळे 'लेगो'चं नाव घेतात. ही कंपनी डेन्मार्क देशातल्या बिलुंड गावची. ओले कर्क क्रिस्तियानसेन नावाचा तिथला एक सुतार. १९२९ नंतर जगभर मंदी आली, घरबांधणीची कामं थांबली, तेव्हा पोट भरायला १९३२ साली तो लाकडाच्या छोट्या वस्तू आणि खेळणी करू लागला. 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून त्याने लेगो हे नाव बनवलं. म्हणजे सुरुवात लाकडापासून झाली. प्लास्टिकची वीट तेव्हा कुठेच नव्हती.

ती वीट आधी इंग्लंडमध्ये झाली. हिलरी फिशर पेज नावाचे एक गृहस्थ तिथे 'किडीक्राफ्ट' ही खेळण्यांची कंपनी चालवत. लहान मुलं कशी खेळतात, हे ते बालवाडीत बसून बघत आणि त्यावरून खेळणी घडवत. १९४७ च्या सुमाराला त्यांनी प्लास्टिकची एक वीट बाजारात आणली. वर गोल गुंड्या आणि खालून पोकळ. एकीवर एक दाबली की बसायची. कडेला दारं-खिडक्या अडकवायला खाचही होती.

महायुद्धानंतर लेगोने प्लास्टिक ओतायचं मशीन घेतलं आणि पेज यांच्या विटेचा नमुना त्यांच्या हाती आला. मापं जराशी बदलून, कोपरे आणि गुंड्या थोड्या नीट करून १९४९ साली त्यांनी तशीच वीट काढली. पेज १९५७ साली वारले. पुढे १९८१ साली लेगोने किडीक्राफ्टच्या त्या विटेचे हक्क विकत घेतले. तेव्हा मैत्रिणींनो, आज जिला सगळे ओरिजनल म्हणतात, तीही दुसऱ्याची वीट बघूनच झाली होती.

पण लेगोने स्वतःची भर घातली नाही, असं मात्र नाही. पोकळ विटा पटकन सुटायच्या. मुलांनी घर उचललं की भिंत खाली. ओले यांचा मुलगा गॉटफ्रेड याने विटेच्या पोटात नळ्या बसवल्या. खालच्या विटेच्या गुंड्या या नळ्या आणि भिंती यांच्या मधे घट्ट बसतात. २८ जानेवारी १९५८ रोजी त्याचा पेटंटसाठी अर्ज झाला. दोन गुंड्यांच्या मध्यबिंदूंत ८ मिलिमीटर अंतर आणि विटेची उंची ९.६ मिलिमीटर, हे माप आजही तेच आहे. म्हणून १९५८ ची वीट आजच्या विटेवर बसते. आठ गुंड्यांच्या एकाच रंगाच्या नुसत्या सहा विटा घेतल्या, तरी त्या ९१ कोटींहून जास्त तऱ्हांनी जोडता येतात.

आता आगगाडी. १९६६ साली लेगोने बॅटरीवर चालणारी गाडी काढली. तिचे रूळ निळे होते. १९६९ मध्ये घरातल्या विजेवर, ट्रान्सफॉर्मर लावून चालणारी १२ व्होल्टची गाडी आली. १९९१ मध्ये ९ व्होल्टची आली, तिच्या रुळांवर धातूची पट्टी होती आणि वीज रुळांतूनच इंजिनाला मिळे. २००६ पासून पुन्हा बॅटरी, हातात रिमोट आणि रूळ नुसत्या प्लास्टिकचे. या सगळ्यात दोन रुळांमधलं अंतर मात्र तेच राहिलं, सुमारे ३८ मिलिमीटर.

हे अंतर किती महत्त्वाचं, हे सोलापूर-बार्शीकडच्या जुन्या माणसांना विचारा. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. तिच्या रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर आणि मोठ्या लाइनीचं १६७६ मिलिमीटर. त्यामुळे कुर्डुवाडीला मोठ्या गाडीचा माल उतरवून छोट्या गाडीत भरावा लागे. दोन्ही गाड्या चांगल्या, पण अंतर जुळत नव्हतं, म्हणून हमालाची पाठ मोडायची. खेळण्यातल्या गाडीचंही तसंच. अंतर जुळलं तर चार खोक्यांची एक गाडी होते. नाही जुळलं तर चार खोकी चार कोपऱ्यांत पडून राहतात.

मग दुसऱ्या कंपन्यांनी हेच माप घेतलं, तर तो गुन्हा होतो का? हा प्रश्न मोठमोठ्या न्यायालयांत गेला. पेटंटला मुदत असते. तेवढी वर्षं शोध लावणाऱ्याने कमवायचं, मग तो शोध सगळ्यांचा. लेगोची मुदत एकेका देशात संपत गेली, तशा दुसऱ्या कंपन्या पुढे आल्या. अमेरिकेच्या 'टायको'शी भांडण हाँगकाँगमार्गे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि १९८८ साली लेगो हरली. कॅनडाच्या 'मेगा ब्लॉक्स'विरुद्ध २००५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात हरली. २०१० साली युरोपच्या न्यायालयानेही तेच म्हटलं. साध्या शब्दांत सांगायचं तर, विटेवरची गुंडी ही शोभा नाही, ते काम करणारं अंग आहे. मुदत संपल्यावर ते एकट्याच्या नावावर कायमचं करून देता येत नाही.

पण याचा अर्थ काहीही चालतं, असा नाही. चीनमधल्या 'लेपिन' या नावाने लेगोचे अख्खे संच, खोक्यावरच्या चित्रांसकट, उतरवून विकले जात होते. २०२० साली शांघायच्या न्यायालयाने त्या धंद्याच्या म्होरक्याला सहा वर्षांची शिक्षा दिली. फरक इथे आहे. सांधा जुळवला, ती जोड. दुसऱ्याची रचना, चित्र आणि नाव उचललं, ती चोरी. आमच्या पेटीतल्या गाड्या आपापल्या नावाने विकलेल्या आहेत. फक्त सांधा जुळतो. त्यांना डुप्लिकेट म्हणायचं कारण नाही.

आता तुम्हीही असं जमवणार असाल, तर आमच्या अनुभवाच्या चार गोष्टी ऐका. नवं खोकं आणलं की आधी एक वीट जुन्या विटेवर बसवून बघा. केसाएवढा फरक असला तरी एक ढिली बसते नाहीतर निघता निघत नाही. रुळाचा एक तुकडा जोडून त्यावर डबा हाताने ढकला, सांध्यावर उडी मारली तर माप चुकलंय. एकीचा रिमोट दुसरीच्या इंजिनाला सहसा चालत नाही, म्हणून इंजिन आणि रिमोट एकाच पिशवीत बांधून ठेवा. आणि ढिल्या विटा टाकून देऊ नका, त्यांचा फलाट होतो.

सगळ्यात जपायचं ते लोहचुंबक. बऱ्याच गाड्यांचे डबे चुंबकाने जोडलेले असतात. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याला मधे धरून चिमटतात आणि जिवावर बेततं. बटणासारख्या चपट्या बॅटरीचंही तसंच. गिळल्याची नुसती शंका आली तरी घरचा उपाय करत बसू नका, तडक दवाखाना गाठा. तीन वर्षांखालच्या मुलांना बारीक तुकडे देऊच नका. आणि १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. नोंदणी झालेल्या हस्तकारागिरांच्या खेळण्यांना तेवढी सूट आहे. नाव कुठल्या का कंपनीचं असेना, मार्क बघूनच पैसे द्या.

ही गोष्ट शोधताना आम्हाला आपलेच धंदे आठवत राहिले. पापड गोल लाटायचा, हे कुणा एका गटाच्या मालकीचं नाही. शेजारच्या गटाने आपल्यासारखाच गोल पापड लाटला, तर रागवायचं कारण नाही. पण पाकिटावरचं आपलं नाव आणि आपलं चित्र त्यांनी छापलं, तर बोलायलाच हवं. आणि आपणही दुसऱ्याचं छापायचं नाही.

आमच्या पोरांना आम्ही ही सगळी हकीकत सांगितली. पेज यांचीही सांगितली. आता गाडी पुन्हा ओसरीवर धावते. लाल इंजिन एका खोक्यातलं, निळे डबे दुसऱ्यातले, रूळ तिसऱ्यातले. कुणी विचारलं, ओरिजनल आहे का, तर पोरं सांगतात, "जोडलेली आहे."

तुमच्या वाडीवर अशी पेटी असेल, तर एकदा उघडून बघा. काय जुळतं ते आम्हालाही कळवा. नमस्कार.