जुन्नर-आंबेगावचा इतिहास : कोणी राखावा, कोणाचा राखावा?

आपल्याकडे तालुक्यातालुक्यांतून इतिहास मंडळे निघतात. चार शिक्षक, एखादा वकील, एखादा निवृत्त तलाठी आणि दहा-वीस उत्साही तरुण एकत्र येतात. रविवारी गडावर जातात, टाक्यांतला गाळ उपसतात, तटावर माजलेली झुडपे तोडतात, जुनी कागदपत्रे दिसली तर उतरून घेतात, शिवजयंतीला व्याख्यान ठेवतात. या कामाचा पगार कोणी देत नाही. पदरचे पैसे आणि सुटीचा दिवस खर्ची घालून ही माणसे राबतात. त्यांच्या श्रमांची टिंगल करण्याचे कारण नाही. शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन हे किल्ले ज्या जुन्नर तालुक्यात आहेत, तिथे असे श्रम झाले नाहीत तर दगडांवर दगड राहणार नाही.

प्रश्न श्रमांचा नाही, श्रम कुठे वाहिले जातात याचा आहे. गडावरचे टाके साफ होते. त्याच गडाच्या पायथ्याशी महारवाड्यातली विहीर कोणी, कधी आणि का खोदली, हे मात्र कोणत्याच मंडळाच्या वहीत लिहिलेले नसते. वाड्यातल्या पेटीतला कागद इतिहासाचे साधन ठरतो; झोपडीच्या वळचणीला खोचलेला वतनाचा कागद नुसता कागद राहतो. इतिहास मंडळे काय करतात यापेक्षा ती कोणत्या दारापर्यंत जातात, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाची परंपरा मुळात स्वयंसेवेचीच आहे. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला, तो गावोगाव पायपीट करून. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही सरकारी आश्रयाने नव्हे. दारोदार जाऊन कागद मिळवावा, त्याची नक्कल करावी, तो छापावा, ही शिस्त त्या पिढीने घालून दिली. ती आपण घेतलीच पाहिजे. पण ही दारे बहुतांशी देशपांडे, कुलकर्णी, सरदार आणि इनामदार यांची होती. गावकुसाशी संशोधकाची वाट संपत होती.

कागदांत आपण नव्हतोच असे मात्र नाही. जुन्या महजरांवर पाटलाचा नांगर उमटत असे, तशा बलुतेदारांच्या अवजारांच्या निशाण्याही उमटत. दोन गावांच्या शिवेचा तंटा उभा राहिला की महाराची साक्ष मोलाची ठरे. शीव चालून दाखवणारा तोच असे. ज्याला गावात पाऊल जपून टाकावे लागे, त्याच्याच पावलांवर गावाची हद्द ठरत होती. दप्तरखान्यात हा पुरावा आहे. तो वाचताना या माणसाकडे पाहावे असे फार थोड्यांना वाटले, एवढेच.

म्हणून आपल्या लोकांनी आपली वेगळी परंपरा उभी केली. चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ साली प्रसिद्ध केला आणि पुढचे सारे आयुष्य त्याच कामात घातले. त्यांच्यामागे कोणती संस्था नव्हती. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या घरी जाऊन त्यांचे बोल टिपले. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली आले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यांतल्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. अक्षरओळख नसलेल्या बाईच्या ओठांवरही दप्तरखाना असतो, हे या कामाने सिद्ध केले. खरी स्थानिक इतिहास मंडळे ही होत, मग त्यांच्या दारावर पाटी असो वा नसो.

आता जुन्नरकडे वळू. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी आणि तुळजा या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक कोरीव खोदकामे आहेत. नाणेघाटातून कोकणात उतरणाऱ्या व्यापारी वाटेवर हे शहर वसले होते. या लेण्यांतील लेखांचे वाचन भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी १८८१ साली छापले. पण सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटूनही या लेखांत काय आहे हे जुन्नरच्या शाळेतल्या मुलाला सहसा माहीत नसते. त्याला माहीत असतात ती पांडवांची एका रात्रीतली लेणी.

काय आहे त्या लेखांत? कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याने लेण्याद्रीचे चैत्यगृह दान केले. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिली. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या गेल्या; त्या ठेवींच्या उत्पन्नातून संघाचा खर्च चालावा अशी व्यवस्था होती. आडुथुम नावाच्या शक उपासकाने वडालिका गावातली वीस निवर्तने जमीन करंजाच्या झाडांसाठी आणि कटपुटकातली नऊ निवर्तने वडाच्या झाडांसाठी लावून दिली. चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला, इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्या. धम्मुत्तरीय पंथाच्या भिक्षुणींचा उपाश्रय शहरात होता, असेही एक लेख सांगतो.

हा सारा वर्गणीचा आणि स्वेच्छेचा इतिहास आहे. इथे एका राजाने सर्व बांधले नाही. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम मानमोडीत मंडप आणि पोढी देतो खरा, पण त्याच्या शेजारी व्यापारी, कारागीर, परदेशातून आलेला माणूस यांची नावे त्याच अक्षरांत कोरलेली आहेत. याच तालुक्याच्या सरहद्दीवर नाणेघाटात नागनिकेचा लेख आहे. तिथे अश्वमेध आणि राजसूय यज्ञांची यादी आहे, ब्राह्मणांना दक्षिणा म्हणून दिलेल्या हजारो गाई आणि कार्षापणांचे आकडे आहेत. एका बाजूला राजघराण्याची दक्षिणा, दुसऱ्या बाजूला कारागिरांच्या हाती सोपवलेल्या ठेवी. एकाच वाटेवर, थोड्याच अंतराने, समाजाची दोन चित्रे दगडात उभी आहेत. विद्यार्थ्याला नाणेघाट शिकवताना दुसरे चित्र दाखवायचे नाही, हा अर्धा इतिहास झाला.

आणि पाणी पाहा. पोढीचे दान या लेखांत पुन्हा पुन्हा येते. डोंगर फोडून पाणी साठवणे आणि ते वापरासाठी देणे, हे इथे पुण्यकर्म होते. त्याच महाराष्ट्रात १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. मधल्या शतकांत काय घडले, हा प्रश्न लेण्यात उभ्या राहिलेल्या प्रत्येक तरुणाच्या मनात उठला पाहिजे.

इथे एक सावधगिरीची सूचना आपण आपल्यालाच दिली पाहिजे. लेणी पाहिली की आपला ऊर भरून येतो. बांबूकाम करणारे म्हणजे आजचेच अमुक, लेणी खोदणारे म्हणजे आमचेच पूर्वज, अशी वाक्ये सभांतून टाळ्या घेतात. पण लेखात श्रेणीचे नाव आहे, जातीचे नाही. दोन हजार वर्षांच्या अंतरावरून सरळ रेघ ओढण्याइतका पुरावा हाती नाही. वरच्या जातींनी खोट्या वंशावळी रचल्या म्हणून आपणही रचाव्यात काय? बाबासाहेबांनी ‘दि अनटचेबल्स’ हा ग्रंथ १९४८ साली लिहिला तेव्हा पुराव्यातले दुवे तुटलेले आहेत आणि तिथे आपण तर्काने मांडणी करीत आहोत, हे त्यांनी प्रस्तावनेतच स्वच्छ सांगितले. ज्याच्या हाती साऱ्या समाजाचा अभिमान होता, त्याने पुरावा कुठे संपतो आणि अनुमान कुठे सुरू होते ती जागा दाखवून दिली. आपल्या मंडळांना याहून मोठा धडा नको.

आणखी एक गोष्ट हे लेख सांगत नाहीत, तीच आपल्याला सर्वांत जवळची आहे. देणाऱ्याचे नाव कोरले आहे, खोदणाऱ्याचे नाही. कातळावर छिन्नी चालवणारे, दगडाचा चुरा पाट्यांनी बाहेर टाकणारे, डोंगरावर त्यांच्यासाठी भाकर घेऊन येणारे हात निनावी राहिले. समतेच्या धम्मासाठी खोदलेल्या लेण्यातही श्रम करणाऱ्याचे नाव राहिले नाही, हे कबूल करायला आपल्याला जड जाते. पण ते कबूल केले तरच आपल्या इतिहासाचे काम कुठून सुरू व्हायचे ते कळते. नाव नसलेल्या हातांपासून ते सुरू होते.

शेजारच्या आंबेगाव तालुक्यात तर दगडही साक्षीला उरला नाही. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते आंबेगावच घोड नदीवरच्या डिंभे धरणात बुडाले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, नाव मात्र पाण्याखालच्या गावाचे आहे. खोऱ्यातल्या महादेव कोळी आदिवासींची गावे, शेते, देवठाणी गेली. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर दरड कोसळली. दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. माणसांबरोबर त्यांच्या आठवणीही गेल्या. कोणते शेत कोणाच्या आज्याने तयार केले, लग्नात कोणते गाणे म्हणत, सावकाराशी कोणता तंटा झाला, हे सांगणारी तोंडेच मिटली. ज्या समाजाचा इतिहास फक्त तोंडावर असतो, त्याचा इतिहास एका पावसाळ्यात नाहीसा होऊ शकतो. राजघराण्यांच्या इतिहासाला ही भीती नाही.

पण याच डोंगरांत एक रीत आहे, तिचे नाव पडकई. उतारावर बांध घालून भाताची खाचरे तयार करायची असतात. एका घराच्याने ते होत नाही. म्हणून सारे आज एकाच्या रानात राबतात, उद्या दुसऱ्याच्या. हिशेब मजुरीचा नसतो, श्रमाला श्रमाने फेडायचे. ‘शाश्वत’ या संस्थेने आदिवासींबरोबर या रीतीला पुन्हा बळ दिले. इतिहासाचे कामही पडकईनेच झाले पाहिजे. आज एका वस्तीचे कागद लावावेत, उद्या दुसऱ्या वस्तीचे. बौद्ध वस्तीतल्या पोराने कोळ्यांच्या पाड्यावर जाऊन म्हाताऱ्यांचे बोल टिपावेत आणि पाड्यावरच्या पोराने बौद्ध वस्तीत यावे.

काम कोणते, हे नेमके सांगितले पाहिजे. पहिले काम वतनांचे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. १९५८च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली आणि १ ऑगस्ट १९५९पासून त्याचा अंमल सुरू झाला. जमिनी किंमत भरून पुन्हा वतनदारांच्या नावे करून घ्यायच्या होत्या. किती जणांनी भरली, किती जणांना पत्ताच लागला नाही, कोणत्या हाडकी-हडवळ्यावर आज कोणाची नावे आहेत, याची गाववार यादी तलाठी दप्तरातल्या फेरफारांवरून करता येते. हा इतिहास केवळ अभ्यासाचा नाही. त्याला जमीन चिकटलेली आहे.

दुसरे काम चळवळीच्या आठवणींचे. १८८०च्या दशकात याच जुन्नर तालुक्यात सत्यशोधक समाजाने मूळ धरले. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी ब्राह्मणाविना लग्ने लावली म्हणून भटजींनी दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्ट गाठले. त्या वारशाचे पुढे काय झाले, गावात धम्मदीक्षा कधी झाली, बलुते आणि मेलेली ढोरे ओढणे कोणत्या वर्षी सोडले, त्याबद्दल कोणत्या गावाने बहिष्कार टाकला, जलशाच्या वह्या कोणाच्या घरी आहेत, हे आजच विचारले पाहिजे. सांगणारी पिढी वाट पाहणार नाही.

तिसरे काम लेण्यांचे. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात गिरिजात्मजाच्या दर्शनाला हजारो भाविक जातात. ते विहारात उभे आहेत, सभोवारच्या खोल्या भिक्षूंच्या आहेत, हे त्यांना कोणी भांडून नव्हे तर सप्रमाण सांगितले पाहिजे. लेखाचे अक्षर न् अक्षर ज्याला वाचता येते त्याला आवाज चढवावा लागत नाही. दर महिन्याला शाळेतल्या दहा मुलांना एक लेख वाचायला शिकवणारा शिक्षक हे काम कोणत्याही मोर्चाइतकेच करतो.

यासाठी मोठा निधी लागत नाही. एक वही, एक ध्वनिमुद्रण करणारा फोन आणि रविवारचा दिवस पुरतो. गडावर जाणाऱ्या तरुणांशीही वैर धरायचे कारण नाही. उतरताना त्यांनी आपल्या वस्तीत थांबावे आणि आपण त्यांच्याबरोबर गड चढावा. मात्र वही आपल्या हातात असली पाहिजे. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी पाण्याची पोढी दिली त्यांची नावे आपण आज वाचतो, कारण ती कोणीतरी कोरली. ज्यांनी ती पोढी खोदली त्यांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत. आपल्या आई-बापांच्या बाबतीत तसे होऊ द्यायचे की नाही, एवढेच आता आपल्या हाती आहे.