पोतं खांद्यावर घेतलेल्या बाया



1972 च्या दुष्काळात कितीतरी बाया गाव सोडून पुण्याला गेल्या. तिथंही काम मिळेना, तेव्हा बऱ्याच जणींनी खांद्यावर पोतं घेतलं आणि कचराकुंडीत कागद, काच, पत्रा शोधू लागल्या. बहुतेक जणी दलित समाजातल्या. कुत्री अंगावर यायची, आणि वर लोक चोर समजायचे.

खरं तर शहराचं मोठं काम त्या करत होत्या, कचरा निवडायचं. खरकट्यात भिजलेला कागद भंगारवाला घेत नाही, आणि प्लास्टिक मिसळलेल्या खरकट्याचं चांगलं खत होत नाही. मग सगळं एकत्र गाडीत भरून शहराबाहेर टाकायचं. पुण्याचा कचरा आधी कोथरूडला पडायचा. शहर वाढलं तसा तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जाऊ लागला. म्हणजे गावातच! ढिगाच्या पोटात हवा जात नाही. ओलं कुजून मिथेन वायू होतो, तो पेट घेतो. पावसाचं पाणी ढिगातून झिरपून काळं होतं आणि जमिनीत उतरतं. तिथल्या विहिरी बिघडल्या. गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, एकदा नाही, अनेकदा. मला तरी त्यांचा राग रास्तच वाटतो.

तोच ओला कचरा वेगळा ठेवला, वरखाली करून हवा लागू दिली, तर दीड-दोन महिन्यांत खत होतं. शेणखत करणाऱ्या आपल्याला हे नव्यानं काय सांगायचं?

1993 साली या बायांची पुण्यात परिषद भरली. डॉ. बाबा आढाव पाठीशी होते, एसएनडीटी महिला विद्यापीठातल्या कार्यकर्त्या सोबत होत्या. त्यातून 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. मागणी साधी होती: आम्हाला कामगार माना, आणि कचरा कुंडीतून नको, दारातून द्या, ओला-सुका वेगळा करून. आधी ओळखपत्रं मिळाली. 2008 मध्ये त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार झाला. आता त्या घरोघर जातात, दर घरामागं फी घेतात, आणि सुक्या भंगाराचे पैसेही त्यांचेच.

एक दुखणं मात्र उरलं होतं. वापरलेली पॅड उघडीच कचऱ्यात यायची, आणि ती हातानं निवडावी लागायची. मग त्यांनी दारोदार सांगायला सुरुवात केली: ताई, कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. ठिपका दिसला की पुडी न उघडता बाजूला ठेवता येते.